बाभुळगावी एल्डर

ज्या गावाच्या उंबऱ्याशी वर्षाकाठी वासुदेव, बहुरूपी, नंदीबैलवाला, विम्याचा एजंट, बियाण्याच्या कंपनीचा प्रतिनिधी, पीककर्जाच्या वसुलीला निघालेला बँकेचा साहेब आणि दर पाच वर्षांनी हात जोडून येणारा उमेदवार असे नानाविध अभ्यागत येतात, आपापल्या दैवताचे माहात्म्य सांगतात आणि चहा पिऊन मार्गस्थ होतात, त्या गावाला आणखी एका धर्मोपदेशकाच्या आगमनाने हादरा बसेल अशी अपेक्षा करणे म्हणजे त्या गावाच्या अनुभवसंपन्नतेचा अवमान होय. यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या सडकेवरचे आमचे बाभुळगाव अशाच अनुभवसंपन्न गावांपैकी एक आहे. ते तालुक्याचे ठिकाण आहे. तालुक्याचे ठिकाण म्हणून तेथे तहसील कचेरी आहे, कचेरी आहे म्हणून कचेरीत कामे अडलेली माणसे आहेत, आणि ती अडलेली आहेत म्हणून चहाच्या टपऱ्या आहेत. ही कार्यकारणपरंपरा एखाद्या नैयायिकानेही मान तुकवावी इतकी निर्दोष आहे. ‘लोकमत’चे संस्थापक जवाहरलाल दर्डा यांचा जन्म याच गावचा, त्यामुळे वर्तमानपत्र विकत कोणी घेतले आहे याचा विचार न करता त्यातील मजकुरावर अभिप्राय देणे हा आपला वतनी हक्क आहे, अशी टपरीवरच्या मंडळींची प्रामाणिक समजूत आहे.

अशा गावी मॉर्मन पंथाच्या दोन तरुण प्रचारकांना आठवडाभर आणून ठेवले तर काय होईल, हा विचार माझ्या मनात कोठून आला हे विचारू नये; वैशाखात दुपारी दोन ते चार या वेळात यवतमाळ जिल्ह्यात मनुष्याच्या मनात जे जे येते त्याला कारण नसते. प्रत्यक्षात असे प्रचारक बाभुळगावी उतरल्याचे माझ्या ऐकिवात नाही. परंतु त्यांचा दिनक्रम इतका काटेकोर आणि आमचा इतका ऐसपैस की या दोहोंची गाठ घालून पाहण्याचा मोह आवरत नाही.

या पंथाची ज्यांना वार्ता नाही त्यांच्यासाठी थोडा मजकूर सांगणे भाग आहे. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने १८३० साली अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात हा संप्रदाय स्थापन केला आणि त्याच साली ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ छापला. पुढे शेजाऱ्यांच्या छळाला कंटाळून ही मंडळी १८४७ साली युटाच्या ओसाड मुलखात गेली आणि तेथे त्यांनी सॉल्ट लेक सिटी वसवली. आज या पंथाचे सत्तर हजारांहून अधिक प्रचारक जगभर पायपीट करीत आहेत. मुलाला आणि, २०२५ च्या अखेरीपासून, मुलीलाही अठराव्या वर्षी या सेवेला जाता येते. मुलांची वयोमर्यादा २०१२ साली खाली आणली गेली. मुलाने दोन वर्षे सेवा करायची, मुलीने दीड वर्ष. कोणत्या देशी जायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे नाही. मुख्यालयातून हुकूम सुटतो आणि मिसरूड नुकते फुटलेला मुलगा ‘एल्डर’ ही पदवी आणि आडनाव कोरलेली काळी पाटी पांढऱ्या सदऱ्यावर लावून, गळ्यात टाय बांधून, कधी नाव न ऐकलेल्या गावी दाखल होतो. खर्च त्याने स्वतःच्या बचतीतून किंवा घरच्यांनी सोसावयाचा. पंथाच्या साऱ्या सिद्धांतांत बाभुळगावकरांना पटवून देण्यास दुर्घट असा हाच एक सिद्धांत आहे. नोकरी लागण्यासाठी पैसे भरावे लागतात हे येथील शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे; पण नोकरी लागल्यानंतरही दरमहा आपणच पैसे भरत राहायचे आणि दोन वर्षांनी रिकाम्या हाताने घरी परतायचे, हे ऐकून आमचा मनुष्य क्षणभर स्तब्ध होईल आणि मग अत्यंत कनवाळूपणे विचारील, “मंग पर्मनंट कधी करते जी?”

मराठी मुलखात हे लोक कधी आलेच नाहीत असे मात्र कोणी समजू नये. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक १८५२ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरी उतरला. पुढच्या एप्रिलात मुंबईहून ठाण्याला आगगाडी धावली, मे महिन्यात निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला, आणि या दोन्ही प्रकारांकडे लोकांचे लक्ष लागलेले असताना फिंडले आपली पत्रके वाटीत हिंडत होता. पुढे तो पुण्यास गेला. तेथील छावणीच्या अंमलदारांनी त्याला छावणीत राहण्यास मनाई केली, पाद्र्यांनी वर्तमानपत्रांतून झोड उठवली, आणि तरीही गडी चिवट. त्याने एक लहानशी मंडळी जमवलीच. त्याचा भाऊ ॲलन हाही १८५३ साली मदतीला आला. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या जहाजातून याच पंथाची आणखी एक तुकडी कलकत्त्यास उतरली. गाठीला पैसा न बाळगता हिंडावे असा या मंडळींचा प्रघात. पण ज्या देशात साहेबाने पालखीत किंवा घोड्यावरच दिसले पाहिजे अशी रीत होती, तेथे पायी चालणारा, खिसा रिकामा असलेला गोरा पाहून श्रोते त्याच्या उपदेशापेक्षा त्याच्या मिळकतीविषयी अधिक साशंक झाले असतील तर नवल नाही. त्यातच बहुपत्नीकत्वाचा पुरस्कार पंथाने १८५२ मध्ये उघडपणे केल्याची बातमी इकडे येऊन थडकली. तिने इंग्रज पाद्री हवालदिल झाले. पुण्यातील सरदारांच्या वाड्यांत तिने फारशी खळबळ माजवली असेल असे मला वाटत नाही. (ही चाल पुढे १८९० मध्ये पंथाने सोडण्याचे जाहीर केले, हे न्यायबुद्धीने नमूद करतो.) १८५५ मध्ये फिंडलेने मुंबईत ‘हिंदुस्थानातील मराठ्यांस’ उद्देशून सत्यदेवाविषयी एक पुस्तिका छापली, आणि त्याच सुमारास हे सारे प्रकरण आटोपले. समस्त मराठ्यांस उद्देशून काही लिहिणाऱ्याला इतक्या थोडक्यात निरोप मिळाला, यावरून त्याचे नशीब बरे होते असेच म्हणावे लागेल.

आता आमच्या काल्पनिक जोडीकडे वळू. यांचा सोमवार हा बहुधा तयारीचा दिवस असतो: कपडे धुणे, केस कापणे, बाजारहाट करणे आणि घरच्यांशी बोलणे. सकाळी साडेसहाला उठावे आणि रात्री साडेदहाला निजावे असा त्यांचा पूर्वापार दंडक. साडेसहाला उठण्याचे त्यांना वाटणारे अप्रूप बाभुळगावात तत्काळ ओसरेल, कारण तोवर अर्धे गाव वावरात पोहोचलेले असते आणि उरलेले अर्धे नळाच्या पाण्याची वाट पाहत असते. कपाशीच्या काळ्याभोर जमिनीची धूळ उन्हाळ्यात ज्या गावावरून वाहते, तेथे पांढरा सदरा नेमण्यात ज्या कोणा वरिष्ठाने पुढाकार घेतला त्याने बाभुळगावची फिरती केलेली नसावी. परंतु धुतलेले सहा-सहा पांढरे सदरे ओळीने वाळत घातलेले पाहून शेजारपाजारच्या बायकांत त्यांच्याविषयी जो आदर उत्पन्न होईल तो कोणत्याही प्रवचनाने होणार नाही. दोन वर्षे स्वतःचे कपडे स्वतः धुणारा एकोणीस वर्षांचा मुलगा हा आमच्याकडे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाइतकाच श्रद्धेचा विषय आहे.

घरी फोन करण्याची मुभाही मोठी सोय आहे. पूर्वी वर्षातून दोनदा, नाताळाला आणि मातृदिनाला, तेवढीच परवानगी असे; २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येते. युटातली माऊली पडद्यावर येते, मुलगा गलबलतो, आणि नेमक्या त्या क्षणी घरमालकीण आजी पदर सावरीत मध्ये येऊन उभी राहते. भाषा कळत नाही ही अडचण आहे असे तिला कधीच वाटलेले नसते. “पोरगं वाळून गेलं वं बाई तुमचं,” ती मोठ्याने सांगते, कारण अमेरिका दूर आहे. पलीकडची आई हे शब्द न समजताही डोळ्याला रुमाल लावते. दोघींचे एकमत झालेले पाहून मुलगा निमूटपणे भाकरीला हात घालतो.

मंगळवारी खरा कामाचा आरंभ. घरोघर जाऊन दार ठोठावणे हा या सेवेचा मूळ विधी आहे, आणि नेमके येथेच वेशभूषा घात करते. इस्त्रीचा सदरा, टाय, छातीवर नावाची पाटी, खांद्याला पिशवी आणि माणसे दोन: अशा वर्णनाचे लोक आमच्या गावी एक तर औषधाच्या कंपनीचे असतात, नाहीतर बचत गटाच्या कर्जाचे हप्ते गोळा करणारे. पहिल्या गल्लीत जोडी शिरताच दारे लागतील आणि आतून एक ठाम आवाज येईल, “घरी कोनी नाही.” हा आवाज कोणाचा, असा तात्त्विक प्रश्न एल्डरांना पडेल, परंतु नियमपुस्तिकेत त्याचे उत्तर नाही.

दुसऱ्या गल्लीपर्यंत हे हप्त्याचे लोक नव्हेत अशी खबर त्यांच्या आधी पोहोचलेली असेल, आणि तेथून दुसरे संकट उभे राहील. ते म्हणजे चहा. १८३३ साली जोसेफ स्मिथने आपल्या अनुयायांसाठी एक आरोग्यसंहिता प्रकट केली, तीत दारू, तंबाखू आणि उष्ण पेये वर्ज्य ठरली. उष्ण पेये म्हणजे चहा आणि कॉफी असा अर्थ लावला जातो आणि तो कसोशीने पाळला जातो. आता बाभुळगावात चहा नको म्हणणे शक्य नाही असे नाही. पण तसे म्हणणाऱ्याला कारण द्यावे लागते, आणि वैद्यकीय कारणाखेरीज दुसरे ग्राह्य धरले जात नाही. “चहा घेत नाही म्हन्ता, मंग शुगर हाय का?” येथून सुरू झालेली चौकशी आजोबांच्या शुगरवर, तेथून यवतमाळच्या डॉक्टरांवर आणि तेथून सोयाबीनच्या भावावर जाऊन स्थिरावते, आणि ज्या प्रेषिताचे नाव सांगण्यासाठी एल्डर दहा हजारांहून अधिक किलोमीटर आले तो बिचारा दाराबाहेरच राहतो. अखेरीस लिंबाचे सरबत येते, त्यात मीठ अधिक असते, आणि ते तीन घरी प्यावे लागते.

या आरोग्यसंहितेचे मूळ मोठे मनोवेधक आहे, आणि मी प्रचारक असतो तर विदर्भात ग्रंथाआधी तेच सांगितले असते. ब्रिघम यंग या दुसऱ्या नेत्याने पुढे सांगितलेली हकिकत अशी की, ओहायोतील कर्टलंड गावी जोसेफ स्मिथच्या घरी अनुयायांची शाळा भरे. मंडळी तंबाखू ओढीत, चघळीत आणि जमिनीवर यथेच्छ थुंकत. ती घाण साफ करता करता त्याची पत्नी एमा मेटाकुटीला आली, आणि तिच्या तक्रारीनंतर प्रेषिताने ईश्वराकडे विचारणा केली तेव्हा हा आदेश उतरला. ज्या जिल्ह्यात सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या तुकड्यात घोटून तयार होणारा खर्रा हा जेवणाचा समारोप, भांडणाची प्रस्तावना आणि मैत्रीचा पुरावा असा तिन्ही नात्यांनी वावरतो, आणि जेथे एस.टी. स्थानकाच्या कोपऱ्यांना मूळचा रंग कोणता होता हे आता कोणास सांगता येत नाही, तेथे एमाबाईंची कैफियत ऐकून किमान निम्मी लोकसंख्या, म्हणजे झाडू जिच्या हाती असतो ती, एका बैठकीत पंथाच्या बाजूने वळली असती. पुरुषांचे सांगवत नाही. ते हकिकत शेवटपर्यंत ऐकतील, “शंभर टक्के खरं हाय,” म्हणतील, आणि तोंडात साठलेले बाहेर टाकून यायला उठतील.

एल्डरांची खरी कसोटी येथेच आहे. धर्मप्रचाराच्या शास्त्राला विरोधकाची गरज असते. शंका घेणारा, वाद घालणारा, निदान तोंड वाकडे करणारा कोणीतरी समोर असावा लागतो. आमच्याकडे असा मनुष्य मिळत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला १८२० साली रानात ईश्वराचे दर्शन झाले, असे सांगावे तर श्रोते म्हणतात, होणारच, रानातच होते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, जेथे महानुभावांच्या गोविंदप्रभूंची स्थाने अजून पूजिली जातात. शेंडगावात गाडगेबाबा जन्मले, मोझरीला तुकडोजी महाराजांचा आश्रम आहे. ज्या टापूत देवाची माणसे इतक्या दाट वस्तीने राहून गेली, तेथे आणखी एकाच्या नावाची नोंद करून घेण्यास कोणाची हरकत असणार? भिंतीवर तसबिरीला जागा आहे, खिळा ठोकायचा तेवढा बाकी आहे. देवदूताने सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेला ग्रंथ दाखवला या भागाशी मात्र श्रोते प्रथमच पुढे सरकतात आणि अत्यंत चिकित्सक बनतात: सोने किती तोळ्यांचे, आणि सध्या आहे कोठे? देवदूत ते परत घेऊन गेला असे उत्तर मिळताच सारे सुस्कारा टाकतात. सोन्याचे असेच होते, हे पटवून देण्यास बाहेरचा धर्मोपदेशक लागत नाही.

बुधवार ते शुक्रवार हा काळ उन्हाचा आहे आणि उन्हाविषयी लिहिण्यात अर्थ नाही. दुपारी बाराला टाय बांधून हिंडणाऱ्या दोघांना कोणीतरी कनवटीचा कांदा देईल, कोणी डोक्याला दुपट्टा बांधून देईल, आणि खडकसावंग्याच्या बेंबळा धरणावर पोहायला चला असा आग्रह करील. तेव्हा प्रचारकाला पोहण्याची मनाई आहे हे कळल्यावर गावातील पोरे प्रथमच त्यांच्याकडे खऱ्या करुणेने पाहतील. आपल्या जोडीदाराला दृष्टीआड होऊ द्यायचे नाही, स्नानगृहाखेरीज एकट्याने राहायचे नाही, हा नियम परदेशात कष्टाचा वाटत असेल. बाभुळगावात एकटे राहणे नियम मोडूनही साधणार नाही. मुलींशी मैत्री वर्ज्य, या नियमाचे तर येथे भलतेच स्वागत होऊन “असा जावाई भेटला पाहिजे” असे उद्गार निघतील, आणि त्यातून होणारी पुढील चौकशी टाळण्यासाठी एल्डरांना दुसरी गल्ली धरावी लागेल.

त्या गल्लीत त्यांना जे सापडेल त्याची त्यांना कल्पना नाही. मॉर्मन मंडळींना पूर्वजांचे विलक्षण वेड आहे. मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजाने बाप्तिस्मा घेता येतो अशी त्यांची श्रद्धा असल्यामुळे प्रत्येकाने आपली वंशावळ शोधून काढणे हे धर्मकार्य ठरते. त्यापायी त्यांनी जगभरच्या जन्ममृत्यूच्या नोंदींची छायाचित्रे घेतली, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही मायक्रोफिल्मवर उतरवल्या, आणि हा सारा दप्तरखाना सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटच्या डोंगरात भुयारे खोदून, अणुयुद्धातही शाबूत राहील अशा बंदोबस्तात ठेवला. एल्डराने सहज विचारावे, “आपल्या पणजोबांचे नाव आपणांस ठाऊक आहे काय?” आणि इतक्या दिवसांत जे घडले नाही ते घडावे: ओसरीवरचा मनुष्य ताडकन उठून आत जातो, लोखंडी पेटी ओढतो आणि कागदांचा भारा घेऊन बाहेर येतो. पणजोबांचा सातबारा, आजोबांच्या नावाचा फेरफार, दाखलखारीज रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, मोडी वाचून देणाऱ्याचा सही-शिक्का. मुलाची जात पडताळणी अडलेली आहे. १९६७ च्या पूर्वीचा पुरावा पाहिजे. पुरावा आहे, पण त्यात आजोबांचे नाव गोविंदा आणि सातबाऱ्यावर गोविंद आहे, आणि या एका काना-मात्रेपायी चार वर्षे मिसल फिरते आहे. ही वार्ता पसरायला अर्धा तास पुरतो. संध्याकाळपर्यंत ओसरीवर वीस-पंचवीस माणसे आपापली थैली घेऊन जमतात, कोणी मालकी हक्काच्या वारस नोंदीसाठी, कोणी फाटलेल्या जन्मदाखल्यासाठी, आणि सर्वांच्या मुखी एकच प्रश्न असतो: तुमच्या डोंगरात आमच्या आज्याचा कागद निघेल काय? निघत असेल तर नक्कल फी किती, आणि अर्ज कोणाच्या नावे करायचा?

या प्रश्नाने एल्डरांचा जीव सुपाएवढा होतो. इतक्या उत्कंठेने पूर्वजांची आठवण काढणारा समाज त्यांनी स्वदेशी पाहिलेला नसतो. मृतांच्या उद्धारासाठी हे लोक धडपडत आहेत असे ते समजतात. मृतांनी आपला उद्धार करावा म्हणून हे लोक धडपडत आहेत, हे त्यांना समजावून सांगणार कोण?

रविवार हा उपासनेचा दिवस. आणि महिन्याचा पहिला रविवार असेल तर उपवासाचा. दोन वेळचे अन्न सोडायचे, पाणीही घ्यायचे नाही, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. घरमालकीण आजी आनंदून साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि केळी असे उपवासाचे ताट मांडते. ते नाकारल्यावर ती गोंधळते: मग उपवास तो कसला? ज्या उपवासात नेहमीपेक्षा काही अधिक खावयास मिळत नाही, त्याने देव प्रसन्न होतो हे तिला पटत नाही, आणि खरे म्हणजे मलाही पटत नाही. प्रार्थनासभेत भाकर आणि पाण्याचा प्रसाद असतो. त्याला चार पोरे जमतात, पैकी तीन इंग्रजी सुधारायला.

रात्री आठवड्याचा अहवाल भरायचा असतो. किती जणांना पाठ दिले, सभेला कोण आले, कोणी बाप्तिस्म्याची तारीख दिली, अशा रकान्यांत एल्डर आकडे लिहू लागतात. पाठ ऐकले, सर्वांनी. मान्य केले, सर्वांनी. बाप्तिस्म्याला तयार, कोणी नाही. शिष्यवृत्तीचे इंग्रजी अर्ज भरून दिले, धामणगावच्या गाडीत पोती चढवली, लिंबू-सरबत प्यायले, स्थळे आली: यांना रकाना नाही. शेरा या सदरात थोरला एल्डर प्रामाणिकपणे लिहितो की येथील लोक सत्य ताबडतोब स्वीकारतात, आणि त्यामुळे पुढे काय करावे याविषयी मार्गदर्शन व्हावे. धाकटा तोवर दाराशी गेलेला असतो, कारण गोविंदाचा नातू कोतवाल बुकाची दुसरी, अधिक ठळक नक्कल घेऊन आला आहे आणि आजच्या आज ती अमेरिकेला पाठवा म्हणून बसला आहे.